आलमारी जुनीच, आतलं सगळं नवं

आधी निकाल सांगतो. आलमारीचं खोकं आणि दारं तशीच ठेवून फक्त आतली मांडणी बदलून घेतली, आणि पैसे वसूल झाले. मिस्त्रींच्या कामाला दहापैकी साडेसात, चॅनल-कब्ज्यांना आठ. शोरूमवाल्याच्या कोटेशनला किती द्यायचे, ते वाचून तुम्हीच ठरवा.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. हयात एमबी (कामाची मोजमापं लिहायची वही) भरण्यात गेली, टेप अजूनही खिशात असते. तेव्हा पुढे इंच आणि मिलिमीटर जरा जास्त येतील, चालवून घ्या. घरात कपडे माझे थोडे आणि सौं.चे बरेच, त्यामुळे हे परीक्षण माझ्या नावावर असलं तरी मंजुरी त्यांची आहे.

आमचा फ्लॅट नागपूरच्या त्रिमूर्ती नगरात. बेडरूमची एक भिंत आलमारीची: आठ फूट रुंद, सात फूट उंच, वर माळा. आत दोन अवाढव्य खण, प्रत्येक खण पावणेचार फुटांचा, आणि दोन फळ्यांमध्ये पंधरा-सोळा इंच अंतर. कागदावर ऐसपैस दिसतं. प्रत्यक्षात पंधरा इंचांत बारा-चौदा साड्यांची चळत उभी राहते आणि नेमकी हवी असलेली साडी खालून चौथी असते. ती ओढली की वरच्या सगळ्या खाली. फळ्यांना मधोमध झोळ पडलेला तो वेगळाच. मिस्त्री फळी जाड करू म्हणतात, पण दुखणं जाडीचं नसतं, गाळ्याचं (दोन आधारांमधल्या अंतराचं) असतं. फळीवर सारखा भार असेल तर झोळ लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. गाळा निम्मा केला की तीच फळी, तोच भार, झोळ सोळापट कमी. म्हणून पहिलं काम ठरलं: दोन्ही खणांत मधोमध एकेक उभा पडदा, म्हणजे प्लायची उभी फळी, टाकायचा. चार दारं, चार खण, प्रत्येक खण साधारण बावीस इंचांचा.

त्याआधी धरमपेठेकडच्या एका मॉड्यूलर शोरूमला जाऊन आलो. नाव घेत नाही. अशी शोरूम गावात पुष्कळ आहेत. एसी थंडगार, कॉफी चांगली, आणि लॅपटॉपवर मुलीने दहा मिनिटांत आमची आलमारी रंगीत करून दाखवली. आतून दिवे, टायसाठी रॅक (मी शेवटचा टाय कधी बांधला ते मला आठवत नाही), पॅन्टसाठी बाहेर येणारी जाळी, घड्याळांसाठी मखमली खण. मी विचारलं, साड्या किती मावतील? ती म्हणाली, ‘अंकल, भरपूर.’ भरपूर म्हणजे किती, हे तिच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हतं.

ड्रॉइंग घरी आणून टेबलावर पसरलं तेव्हा खरी मजा कळली. जुनी दारं काढून त्यांनी दोन सरकती दारं सुचवली होती आणि बरोबर मधोमध तीन फुटांचा सरकता ट्रे दाखवला होता. सरकती दारं एका वेळी निम्मीच आलमारी उघडतात. डावं दार उघडलं तर ट्रेची उजवी बाजू अडते, उजवं उघडलं तर डावी. तो ट्रे जन्मात बाहेर येणार नव्हता. शिवाय सगळं प्री-लॅम पार्टिकल बोर्डात (लाकडाचा भुसा दाबून केलेला, वर आधीच लॅमिनेट लावलेला बोर्ड), आणि आमच्या आलमारीची मागची भिंत बाथरूमची. पार्टिकल बोर्डाला ओल लागली की कडा फुगते, आणि एकदा निघालेला स्क्रू त्याच भोकात पुन्हा धरत नाही. कोटेशन होतं सव्वा लाखाच्या वर, जीएसटी वेगळा. सौ. म्हणाल्या, ‘अहो, एवढ्यात तर नव्या साड्या येतील.’ विषय संपला.

मिस्त्री मिळाले शेजाऱ्यांकडून. भंडाऱ्याकडचे, पन्नाशीतले, दुकान नाही, पाटी नाही. नंबर एका घरातून दुसऱ्या घरात जातो. पहिल्याच दिवशी म्हणाले, ‘काकाजी, तुम्ही फक्त नाप सांगा, बाकी मी पाहून घेतो.’ मला असा माणूस आवडतो, कारण नाप सांगायला मला सांगावं लागत नाही.

नाप घेतलं ते आलमारीचं नव्हे, आधी कपड्यांचं. या लेखातलं एवढं एकच जरी तुम्ही उचललंत तरी पुरे. सगळे कपडे पलंगावर काढले, प्रकारवार ढीग केले आणि टेप लावली. माझा शर्ट हँगरसकट चाळीस इंच उंची खातो. पॅन्ट दुमडून टांगली तर तीस. सौं.चे लांब कुर्ते पन्नासच्या आसपास. आमच्याकडे साडीची घडी साडेतेरा बाय सव्वाअकरा इंच बसते, कारण पंचेचाळीस इंच पन्ह्याची साडी रुंदीला चार पदरी दुमडली की सव्वाअकराच येणार. रेशमी साडीची जाडी साधारण इंचभर, कडक सुतीची थोडी जास्त. हे आकडे हातात आले की आलमारी आपोआप आखली जाते. माझ्या खणात वर-खाली दोन रॉड, वर शर्ट, खाली पॅन्ट. सौं.च्या लांब कपड्यांना एक अख्खा उंच खण. तिसरा साड्यांचा. चौथ्यात रोजचे घडीचे कपडे, टॉवेल, चादरी आणि खाली दोन ड्रॉवर. रॉड मागच्या भिंतीपासून अकरा इंचांवर, कारण आतली खोली बावीसच आहे आणि हँगर साडेसतराचा. थोडा इकडेतिकडे झाला तर बाही दारात अडकते.

साड्यांचा खण हा या कामाचा मुकुटमणी. फळ्या अजिबात नाहीत. टेलिस्कोपिक चॅनलवर (एकात एक सरकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर) आठ सरकते ट्रे, बारा मिमी प्लायचे, पुढची पट्टी फक्त दोन इंच उंच. दोन ट्रेमध्ये सात इंच. एका ट्रेमध्ये पाच-सहा साड्याच मावतात, आणि तेच हवं होतं. ट्रे पूर्ण बाहेर येतो, वरून सगळे काठ दिसतात, खालची साडी काढायला वरच्या पाच उचलल्या तरी हाताला जड जात नाही. साडीच्या घडीमागे जी आठ इंचांची जागा उरते, तिथे त्याच साड्यांचे ब्लाउज गुंडाळून ठेवलेत. ही युक्ती सौं.ची. पूर्वी साडी एका खणात आणि ब्लाउज दुसऱ्या, ऐन लग्नाच्या सकाळी शोधाशोध ठरलेली. आता करवतकाठी टसरचा ट्रे ओढला की तिचा ब्लाउज मागे हजर.

इथेच एक तांत्रिक गोम आहे, ती लिहून ठेवतो. आलमारीचं दार आपल्याला वाटतं तसं पूर्ण बाजूला जात नाही. ऑटो कब्ज्यावरचं (दार आपोआप ओढून घेणाऱ्या, आतून बसवलेल्या कब्ज्यावरचं) दार उघडं असतानाही त्याची जाडी आणि कब्ज्याचा दांडा खणाच्या तोंडाशी थोडे आत राहतात. ट्रे खणाच्या पूर्ण रुंदीचा केला तर तो निघताना दाराला घासतो, नाहीतर कब्ज्याला आपटतो. मिस्त्रींनी हे माझ्या आधी पाहिलं. कब्ज्याच्या बाजूला त्यांनी दीड इंचाची लाकडी पट्टी उभी मारली आणि चॅनल त्या पट्टीवर बसवला. ट्रेची रुंदी तेवढी गेली. बावीसमधून पट्टीचा दीड, चॅनलचा दोन्हीकडे मिळून एक, ट्रेच्या बाजू. आत राहिले साडेअठरा. साडीची घडी साडेतेरा, तेव्हा चाललं. पण तुम्ही ट्रे आखताना ही वजाबाकी आधी करा. काम झाल्यावर केली तर ट्रे परत रंध्याखाली जातात.

चॅनल एबको कंपनीचे, पंचेचाळीस मिमी रुंदीचे, साधे. सॉफ्ट क्लोज (हळूच बंद होणारे) घेतले नाहीत. साड्यांचा ट्रे आपटून कोण बंद करतं? तो पैसा खालच्या दोन ड्रॉवरना लावला, कारण तिथे नातू येऊन धडाधड करतो.

फळ्यांच्या बाबतीत माझा आणि मिस्त्रींचा थोडा वाद झाला. घरात सासुरवाडीकडून आलेलं लोखंडी गोदरेज आहे. लोखंडी कपाटं ही कंपनी 1923 पासून करते आहे, आणि त्यातली एक सोय आपल्याकडच्या लाकडी आलमाऱ्या करणाऱ्यांनी फारशी उचलली नाही, याचं मला नवल वाटतं. बाजूच्या पट्ट्यांना खाचा, फळी हुकवर. हवी तेव्हा वर-खाली करा. मी म्हटलं, चौथ्या खणात फळ्या ठोकू नका. दोन्ही बाजूंना बत्तीस मिमी अंतराने पाच मिमीची भोकं पाडा आणि पिनांवर फळी ठेवा. युरोपातल्या फर्निचरचा हाच हिशेब आहे. मिस्त्री म्हणाले, ‘काकाजी, फळी हालून राहील, मग तुम्हीच फोन कराल.’ शेवटी तह झाला: मधली फळी पक्की, म्हणजे खोक्याला ताण राहील, आणि बाकीच्या पिनांवर. हिवाळ्यात स्वेटर खाली येतात तेव्हा एक फळी दोन भोकं वर जाते, उन्हाळ्यात परत खाली. अजून तरी हालली नाही. फोनही केलेला नाही.

आता नागपूरचा खास प्रश्न: कूलर. बाहेरचे लोक समजतात की मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत कपड्यांना दमटपणा कुठला? आहे ना. खिडकीतला कूलर रात्रभर ओल्या गवतातून हवा फेकतो, आणि तिच्या समोरच आलमारी. खोलीतली हवा बाहेर जायला वाट नसेल तर सकाळी चादर गार आणि ओलसर लागते. तशी हवा दोन महिने आलमारीच्या फटींतून आत जाते, लगेच पाठोपाठ पावसाळा. आमच्या जुन्या आलमारीत चामडी पट्ट्यावर पांढरी बुरशी आली ती मृगात नव्हे, मेमध्येच. म्हणून दुसरी खिडकी चार बोटं उघडी ठेवायची, हा घरातला कायदा. आणि आलमारीत मागची जुनी फळी काढून सहा मिमीची नवी बसवताना ती बाथरूमच्या भिंतीपासून इंचभर पुढे घेतली. खाली एक, वर एक जाळी, म्हणजे फळीमागची हवा कोंडणार नाही. भिंतीला आधी वॉटरप्रूफिंगचे दोन हात दिले. प्लाय घेताना आयएस 303 (प्लायचं भारतीय मानक) आणि बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही टिकणारी) हा शिक्का फळीवर स्वतः पाहिला. लकडगंजात, लाकडाच्या बाजारात, माल घ्यायला मिस्त्रींबरोबर मी गेलो होतो. बिलावर लिहिलेलं आणि गाडीत चढलेलं यांत फरक पडू नये एवढाच हेतू.

साड्यांच्या कव्हरबद्दल थोडं. पुढून पारदर्शक, मागून न-विणलेल्या कापडाची ती चेनवाली कव्हरं बर्डीत (सीताबर्डीत) फुटपाथवर मिळतात, ऑनलाइनही मिळतात. धूळ बसत नाही हे खरं. पण दोन-तीन वर्षांत ते कापड विरतं, हाताला त्याचा भुसा लागतो, आणि प्लास्टिकमध्ये साडीची जर कोंडून काळी पडते. सौं.नी ती सगळी बाहेर काढली. गांधीबागेतून पातळ मलमल आणली, आधी गरम पाण्यात दोनदा धुऊन तिची खळ काढली. खळ ठेवायची नाही, कारण कसर (कपडे खाणारी कीड) खळीवर येते. तेच कांजी घातलेल्या सुती साड्यांचं: वर्षभरासाठी ठेवायच्या असतील तर कांजी न घालता ठेवाव्यात. जरीच्या साड्या मलमलीत गुंडाळून, तीन-चार महिन्यांनी घडी बदलून ठेवल्या की घडीवर जर तुटत नाही. डांबरगोळ्या जरीला लागू द्यायच्या नाहीत. ठेवायच्याच तर पुरचुंडीत आणि वरच्या बाजूला, कारण त्यांची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली उतरते. आमच्याकडे गोळ्या बंदच आहेत. वेखंड आणि लवंगांच्या पुरचुंड्या आहेत. लग्नात शेजारी बसलेल्या बाईला वास येत नाही, हा त्यांचा मोठा फायदा.

बाकीच्या वस्तू झरझर सांगतो. पातळ मखमली हँगर: घ्या. जाड प्लास्टिकच्या हँगरपेक्षा जवळजवळ निम्मी जागा खातात आणि ब्लाउज घसरत नाही. ओला शर्ट मात्र त्यावर टांगू नका, रंग लागतो. चार्जिंगचा सेन्सर दिवा, लोहचुंबकाने चिकटणारा: घ्या, रात्री फार उपयोगाचा, चार्ज करायचं लक्षात ठेवावं लागतं. हवा काढायच्या पिशव्या: ब्लँकेटला ठीक. कापसाच्या रजईला नको, कापूस दबतो आणि मग पिंजारी शोधत फिरा. ओलावा शोषणारे डबे: पावसाळ्यात चालतात, पण खाली पाणी साठतं. ते कपड्यांच्या वर ठेवणाऱ्याला नमस्कार. पॅन्टची बाहेर येणारी जाळी: माझ्या मोजक्या पॅन्टींसाठी ती जागाच फार खाते. खाली ओढायचा रॉड: आलमारी आठ फुटांच्या वर असेल तर विचार करा, आमच्याकडे गरज नव्हती.

मिस्त्रींचे अडीच गुण कुठे गेले? एक तर ते मध्येच गायब झाले. गावी लग्न होतं म्हणे. आठवडाभर आमचे कपडे हॉलमधल्या सोफ्यावर आणि पाहुणे खुर्च्यांवर. दुसरं, ट्रेच्या कडांना पट्टी हाताने चिकटवली. मशीनवर लावलेली पट्टी आणि हाताने लावलेली पट्टी यांत फरक पडतोच; दोन ट्रेंच्या कोपऱ्यांवर ती आताच सुटायला लागली आहे आणि तिचा काठ रेशमाला अडकू शकतो. सौं.नी तात्पुरती सेलोटेप लावली आहे, जी मला बघवत नाही. उरलेला अर्धा गुण भुश्याचा. बेडरूममध्ये कटर चालवू नका, बाल्कनीत चालवा असं सांगूनही पहिली फळी आतच कापली. कूलरच्या गवतातून अजून भुसा निघतो.

फेविकॉल आणि सनमायक्याचा वास जायला पंधरवडा लागला. दारं उघडी ठेवून, पंखा लावून. त्या काळात रेशमी कपडे आत ठेवले नाहीत.

खर्च: अठरा मिमी प्लायच्या चार शीट, ट्रेसाठी बारा मिमी, मागे सहा मिमी, आतून पांढरा लायनर, चॅनल, रॉड, पिना, स्क्रू आणि मजुरी धरून चाळीस हजारांच्या थोडं आत. मजुरी त्यातली तेरा हजार. जुन्या फळ्या माळ्याच्या आतल्या कप्प्यांना वापरल्या, त्यामुळे एक शीट वाचली. मिस्त्री मजुरी दिवसावर घेतात, फुटावर नाही. म्हणून नाप आणि आखणी आधी पक्की ठेवली तर तुमचाच फायदा. सामान त्यांच्यावर सोडू नका, यादी करून घ्या आणि दुकानात बरोबर जा. त्यांनी मला कधी फसवलं नाही, पण दुकानदार मिस्त्रीला एक भाव सांगतो आणि गिऱ्हाइकाला दुसरा.

नंबर हवा असेल तर मला विचारा. तान्हा पोळा झाला की दिवाळीच्या कामांनी त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते आणि मार्चनंतर लग्नसराई; तेव्हा संक्रांत ते होळी हा काळ धरा. प्लाय कोरडी मिळते, कूलर अजून काढलेला नसतो, आणि वास जायला खिडक्या उघड्या ठेवता येतात. कडांची पट्टी मशीनवर लावून घ्यायची हे मात्र आधीच बोलून ठेवा, त्याचे पैसे वेगळे पडले तरी.